प्रीफॅब घर घेताय? आधी सातबारा, मग रस्ता, आणि घर सगळ्यात शेवटी

आमचं दापोली तालुक्यातलं दोन खोल्यांचं प्रीफॅब, म्हणजे फॅक्टरीत भाग तयार करून जागेवर जोडलेलं, घर नऊ दिवसांत उभं राहिलं. त्याच्या कागदावरच्या सह्या गोळा करायला मात्र आठ महिने लागले. जागा आईच्या माहेरची, सातबाऱ्यावर अकरा नावं. त्यातले एक मामा बडोद्याला, एक मावसबहीण मस्कतला, आणि एक नाव अशा आजोबांचं जे जाऊन वीस वर्षं झाली तरी कागदावर अजून हयात. फॅक्टरीत घर तयार होऊन पडलं होतं आणि मी तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी खेटे घालत होतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या निदान दहा जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: "चौरस फुटाला काय रेट पडला?" रेटचा हिशेब पुढे मांडतो, पण त्या आधीच्या गोष्टी जास्त महागात पडतात. म्हणून सगळं एकदाच, ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहितो. मी स्वतः नेमका उलट्या क्रमाने केलं.

जागेचे कागद

सर्वात मोठी थाप ही: "साहेब, याला पाया नाही, बोल्टवर उभं आहे, उचलून नेता येतं, त्यामुळे परवानगी लागत नाही." विकणारा हे शपथेवर सांगेल. चाकं लावलेल्या घराबद्दलही हेच सांगतात. तुम्ही तिथे राहणार, वीज-पाणी घेणार, संडासाची टाकी बांधणार, म्हणजे ते बांधकामच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि त्याच वर्षीची जमीन महसूल संहिता, हे दोन्ही कायदे भिंत विटांची आहे की पत्र्याची हे बघून सोडून देत नाहीत. नोटीस विकणाऱ्याला येत नाही, सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला येते.

जागा गावठाणात असेल तर गोष्ट सोपी, ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा. गावठाणाबाहेर असेल तर आधी ती शेतजमीन आहे की बिनशेती ते बघा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला सवलत आहे. तिथे बिनशेतीची वेगळी परवानगी न घेता पैसे भरून काम होतं. बांधकाम परवानगी मात्र तिथेही लागतेच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

शेतजमिनीवर शेतघर बांधता येतं, पण ती सोय शेतकऱ्याला शेतीच्या कामासाठी दिलेली आहे. शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या आजूबाजूच्या पट्ट्यात त्यासाठी आधी परवानगी हवी, जमीन किमान ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर हवी, आणि राहण्याच्या घराचं जोतं १५० चौरस मीटरच्या वर जाता कामा नये. मुळात जो शेतकरी नाही त्याला कूळकायद्यामुळे शेतजमीन विकतच घेता येत नाही. "पाच गुंठ्यांचा फार्म प्लॉट, त्यावर प्रीफॅब कॉटेज, सगळं मिळून बारा लाख" अशी जाहिरात दिसली की तीन प्रश्न विचारा. सातबारा स्वतंत्र होणार की सामाईक राहणार? बिनशेतीचा आदेश कुठे आहे? महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक काय? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठापेक्षा जास्त प्लॉट वा घरांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. "होऊन जाईल" असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा.

किनाऱ्याजवळची जागा असेल तर सीआरझेडची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीची, रेघ कुठून जाते ते नकाशावर बघून घ्या. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान इथे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे नियम आहेत, तिथे दुप्पट सावध. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली, नमुना ८ वर नोंद झाली, म्हणजे घर कायदेशीर झालं असंही समजू नका. पट्टी ती अनधिकृत घरावरही लावते.

रस्ता: टेप आणि बांबू घेऊन चालत जा

घर म्हणून विकतात तो चाळीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद असतो. उंची साडेआठ फूट, 'हाय क्यूब' असेल तर साडेनऊ. तो ट्रेलरवर चढला की माथा जवळजवळ चौदा फुटांवर जातो. आता तुमच्या वाडीत जाणारा रस्ता आठवा. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये एक काटकोनातलं वळण, वर लोंबणारी विजेची तार आणि शेवटचे दोनशे फूट पाखाडी.

आमच्याकडे कंटेनर येणं शक्यच नव्हतं. हे कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला, कारण मी गुगलच्या नकाशावर रस्ता बघत होतो आणि तिथे तो छान पांढरा, रुंद दिसत होता. शेवटी सुटे भाग मागवले. ट्रक खेडमार्गे हमरस्त्यापर्यंत आला आणि तिथून 'छोटा हत्ती'ने सहा फेऱ्या मारल्या. बारा फुटी पॅनेल त्याच्या हौद्यातून निम्मी बाहेर, आणि मागून दोन पोरं ती धरून चालतायत, अशी वरात निघाली होती.

तयार खोली ट्रेलरवरून आणायची असेल तर चौदा फुटी बांबू हातात धरून, हमरस्त्यापासून जागेपर्यंत चालत जा. बांबू जिथे तारेला किंवा फांदीला भिडेलसं वाटेल तिथे थांबा आणि नोंद करा. बांबू कोरडाच हवा, आणि तारेला लावून बघायचा नाही, लांबूनच अंदाज घ्यायचा. वळणांची रुंदी टेपने मोजा. क्रेन, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तो 'हायड्रा', उभा राहायला सपाट, टणक जागा आहे का ते पाहा. जून ते सप्टेंबर तो मातीत रुतणार हे धरूनच चला. आणि गाडी अडकून पडली तर हॉल्टिंगचे पैसे कोण देणार हे ऑर्डरवर लिहून घ्या. ट्रकवाला तासांवर बोलत नाही, दिवसावर बोलतो.

नेमकं काय विकत घेताय?

'प्रीफॅब' या एका शब्दाखाली बाजारात निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

जहाजावरचा जुना कंटेनर दणकट असतो, पण त्याचं बळ चार कोपऱ्यांत आणि पन्हाळीच्या पत्र्यात असतं. दार-खिडक्यांसाठी पत्रा कापला की भोवती चौकट वेल्ड करून ते बळ परत द्यावं लागतं. साध्या कंटेनरची आतली उंची जेमतेम ७ फूट १० इंच असते. त्यात इन्सुलेशन आणि छत केलं की पंखा डोक्याशी येतो, म्हणून हाय क्यूबच घ्या. जुन्या कंटेनरच्या प्लायवूडच्या जमिनीला कीटकनाशक मारलेलं असतं, ती उखडून टाका किंवा पूर्ण सील करून घ्या.

पोर्टा केबिन म्हणजे बांधकामाच्या साइटवर ऑफिस म्हणून दिसते ती. स्वस्त, झटपट, आणि राहण्यासाठी मुळात केलेलीच नसते. वॉचमनच्या खोलीला उत्तम.

लोखंडी सांगाडा आणि त्यात सँडविच पॅनेल हा तिसरा प्रकार. दोन पत्र्यांच्या मध्ये पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम), थर्माकोल किंवा रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर). आमचं घर हे. चौथा प्रकार एलजीएसएफ, म्हणजे हलक्या गेजच्या पोलादी पट्ट्यांचा दाट सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड. भिंत हाताला पक्क्या घरासारखी लागते, किंमतही त्या अंगाने जाते. बजेट ताणता येत असेल तर कायम राहण्यासाठी मी हाच सुचवेन.

"ही टेक्नॉलॉजी सरकारने पास केलीय" असंही ऐकाल. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत झाली. त्यात इंदूरला सँडविच पॅनेलची १,०२४ घरं, आगरतळ्याला हलक्या पोलादी सांगाड्याची १,००० घरं होती. ती इंजिनिअरने हिशेब करून बांधलेली बहुमजली संकुलं आहेत. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेटरने वेल्ड केलेल्या डब्याला तो दाखला लागू होत नाही.

कोटेशन वाचायला शिका

इथे जरा रेंगाळू या, कारण फसवणूक इथेच होते आणि ती खोटं बोलून होत नाही, न लिहून होते.

मला तीन कोटेशनं आली. तिन्हींत 'पन्नास एमएम पफ पॅनेल' असं एकसारखं लिहिलेलं, आणि सर्वात स्वस्त व सर्वात महाग यांत चौरस फुटाला चारशे रुपयांचा फरक. मी स्वस्तवाल्याकडून पॅनेलचा वीतभर तुकडा मागितला. तो घेऊन ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने हॅकसॉने कड कापली, पत्रा सोलून काढला आणि स्क्रूगेजमध्ये धरला. तोंडी अर्धा मिलिमीटर सांगितलेला पत्रा ०.३५ निघाला. आतला फोम अंगठ्याने दाबला तर खड्डा तसाच राहिला. महागड्याचा तुकडा दाबला तर अंगठाच दुखला.

तेव्हा कोटेशनवर हे आकड्यांत लिहून घ्या: पत्र्याची जाडी (०.५ मिमी मागा), पफची घनता (घनमीटरला ४० किलोच्या आसपास), पॅनेलची जाडी (भिंतीला ५०, छताला शक्य तर ६० किंवा ८० मिमी), सांगाड्याच्या पाइपची जाडी आणि त्यावरचा जस्ताचा थर. कोकणात हा शेवटचा मुद्दा जिवावरचा आहे. खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साइड मारलेला पाइप दुसऱ्याच पावसाळ्यात जोडांपाशी फुगायला लागतो. गॅल्व्हनाइज्ड घ्या, आणि वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागी झिंक पेंट मारून घ्या, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं जस्त जळून गेलेलं असतं.

थर्माकोल पॅनेल पफपेक्षा स्वस्त, उष्णता थोडी जास्त आत सोडतं, पण मला त्याची खरी भीती उंदरांची. कड उघडी राहिली की ते आत बोगदे करतात, मुंग्याही वारुळासारख्या शिरतात. पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत रॉकवूल पॅनेलची किंवा सिमेंट बोर्डची करा आणि सिलिंडर बाहेर ठेवा. एकदा पॅनेल बसलं की त्याच्याजवळ वेल्डिंगची ठिणगी पडू द्यायची नाही. 'एक छोटासा टाका मारतो' म्हणणाऱ्या पोराचा हात धरा.

आता पैसे. समजा ४०० चौरस फूट आणि १,५०० रुपये रेट. डबा झाला ६ लाखांचा. त्यावर प्रीफॅब इमारतींचा जीएसटी १८ टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार. ७ लाख ८ हजार झाले आणि अजून घर फॅक्टरीतच आहे. जोतं, वाहतूक, हायड्रा, संडासाची टाकी, पाण्याची टाकी आणि पंप, विजेचं कनेक्शन, पडवी, पायऱ्या हे सगळं 'क्लायंट स्कोप', म्हणजे 'हे तुमचं तुम्ही बघा', या दोन शब्दांत शेवटच्या पानावर असतं. आमचा हा बाहेरचा खर्च डब्याच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा झाला. तुमचा कमी-जास्त होईल, पण तो कागदावर मांडल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

जोतं, आणि दोन इंचांची गोष्ट

कोकणात चिऱ्याचं जोतं स्वस्त आणि मस्त. देशावर काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं हलकं घर अक्षरशः उचलून तिरकं करते. खाली मुरूम लागेपर्यंत खणा.

आमचं घर २४ बाय १६. गवंड्याने जोतं बांधलं, चारही बाजू टेपने मोजून दाखवल्या, बरोबर होत्या. कर्ण मात्र कुणीच मोजले नाहीत. २४ बाय १६ चा कर्ण २८ फूट १० इंच यायला हवा, दोन्हीकडून सारखा. आमचे दोन कर्ण एकमेकांपासून दोन इंच हुकले होते. विटांच्या घरात हे प्लास्टरमध्ये मुरतं. इथे फॅक्टरीत भोकं पाडून आलेल्या, खांबांच्या तळाच्या बेस प्लेटा आमच्या बोल्टांवर बसेनात. दीड दिवस ड्रिल करून नवे बोल्ट केमिकलने बसवण्यात गेला. टेप धरायला दोन मिनिटं लागली असती.

ते बोल्ट किती महत्त्वाचे ते दापोली-मंडणगडकडे वेगळं सांगावं लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा पत्रे पतंगासारखे गेले होते. हलक्या घराला पावसापेक्षा वाऱ्याची भीती जास्त: वारा ढकलतो तसा छताखालून उचलतोही. 'नुसतं ठेवलं तरी हलत नाही' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. प्रत्येक खांब जोत्यात गाडलेल्या बोल्टला हवा आणि त्या भागातल्या वाऱ्याच्या वेगाला धरून केलेला हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने हवा. परवानगीसाठीही तो उपयोगी पडतो.

पाऊस, ऊन, वीज

सपाट छप्पर नको. चांगला उतार, भिंतीबाहेर निदान दोन-अडीच फूट निघालेलं छप्पर, आणि पागोळ्या जोत्यावर न पडता पुढे पडतील अशी पन्हळ. कंटेनर असेल तर वर वेगळी पत्र्याची कौलारू उताराची शेड घालून मध्ये हवा खेळती ठेवा. विदर्भात हे करा म्हणजे कराच, कारण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघडा कंटेनर म्हणजे भट्टी. छताचे स्क्रू रबरी वॉशरचे हवेत. ते जास्त आवळले की वॉशर फाटतो, कमी आवळले की पाणी उतरतं. गळतीवर सिलिकॉन फासणं हा इलाज नाही, तिथली फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यावरची पत्र्याची पट्टी, चुकलेली असते. शेवटचा हप्ता देण्याआधी छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडा आणि आत बसून राहा.

आवाजाबद्दल कुणी सांगत नाही. आषाढात पॅनेलच्या छताखाली फोनवर बोलता येत नाही. आम्ही आतून जिप्सम बोर्ड आणि मध्ये रॉकवूल घातलं, तेव्हा टीव्ही ऐकू यायला लागला.

अख्खं घर लोखंडाचं, म्हणून अर्थिंगमध्ये काटकसर नाही. सांगाडा स्वतंत्रपणे अर्थ करा, मेनबोर्डमध्ये ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, वायरी पत्र्याच्या कडेवरून कधीही उघड्या नेऊ नका.

आणि गिझर! पॅनेलच्या भिंतीत खिळा ठोकून काहीही जड टांगता येत नाही. गिझर, कपाट, टीव्ही, झोपाळा, देव्हारा कुठे येणार ते ऑर्डर देतानाच ठरवा आणि तिथे आतून लोखंडी आडवा पाइप मागा. आमचा देव्हारा राहून गेला, म्हणून तो आता टेबलावर आहे आणि त्यावरून आईचं मला ऐकावं लागतं.

हप्ते, कर्ज, तक्रार

गृहकर्जाची फार आशा धरू नका. बँकेला बिनशेती जागा आणि मंजूर नकाशा लागतो, आणि बोल्टवरच्या घराला तारण मानायला मूल्यांकन करणारे कुरकुरतात. पर्सनल लोनचा व्याजदर धरून हिशेब केला तर 'स्वस्त घर' बरंच महाग होतं. आधी बँकेत विचारा, मग बुकिंग करा.

पैसे टप्प्याने: ऑर्डरला थोडे, फॅक्टरीत जाऊन सांगाडा डोळ्यांनी बघितल्यावर काही, माल जागेवर उतरल्यावर मोठा हप्ता. शेवटचे दहा टक्के पहिल्या पावसानंतर देईन असं लिहून घ्यायचा प्रयत्न करा. सगळे मान्य करत नाहीत, पण जो हसून विषय बदलतो त्याच्याबद्दल काहीतरी कळतं. रोखीत सूट घेऊन बिल सोडू नका. पक्कं बिल हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

बुक करण्याआधी त्याच माणसाने बांधलेलं, तीन पावसाळे पाहिलेलं एक घर बघून या. मालकापेक्षा तिथल्या राखणदाराशी बोला. मालकाला आपला निर्णय चुकला हे कबूल करायचं नसतं. राखणदार सरळ सांगतो की ऑगस्टात बादली कुठे ठेवावी लागते.

'उद्या जागा विकली तर घर उचलून न्या' हे तत्त्वतः खरं आहे. पण उचलताना फरशी, प्लंबिंग, सीलंट, जोतं यातलं काहीच बरोबर येत नाही, आणि एकदा काढलेलं पॅनेल परत तितकं घट्ट बसत नाही.

घर झाल्यावरचं काम वर्षातून एकदाच, पण चुकवायचं नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी छतावर चढतो. पन्हळीतला पाचोळा काढतो, सगळे स्क्रू एकेक करून बघतो, फाटलेले वॉशर बदलतो, जिथे पत्र्याला ओरखडा पडलाय तिथे पॉलिश पेपर मारून रंग लावतो, आणि जोत्यालगतच्या फटींत उंदरांसाठीची जाळी जागेवर आहे का ते बघतो. यंदा चौदा वॉशर निघाले. खालून मामा विचारत होते, "अरे, नवीन घर ना हे? मग एवढं काय करतोस वर?" त्यांच्या कौलारू घरावर त्याच वेळी दोन माणसं कौलं परतत होती.